पालिताण्याच्या वाटेवरील छत

मार्गशीर्षातील छ'री'पालित संघ सिहोर मागे टाकून पालिताण्याच्या वाटेवर एका शेताकडेला विसावला. चौविहाराचे पच्चक्खाण झाले. उरली भूमिसंथाऱ्याची सोय. आमच्या कुटुंबातील ८ जणांसाठी मी १२ बाय १२ फुटांची ताडपत्री घेतली होती. १४४ चौरस फूट, म्हणजे माणशी १८! जन्म कापडाच्या पेढीवर गेला, तरी हिशेब केला तो अंथरलेल्या कापडाचा. मधली दोरी ४ फुटांवर ताणून दोन्ही कडा जमिनीला टेकविल्या, तेव्हा खाली रुंदी उरली जेमतेम ९ फूट. दोन रांगांत सहाच मावले. आई म्हणाली, "मला आकाशच बरे." मीही तिच्याजवळ पडलो. पहाटे तिची कांबळ दवाने निथळत होती. ती मात्र शत्रुंजयाच्या दिशेने हात जोडून बसलेली.

पुढच्या खेपेस १५ बाय १५ची घेतली. साडेचार फुटांवर दोरी बांधली की खाली १२ फूट मिळतात. एका रांगेत चौघे झोपतात, कडेचे कापड अंगाला लागत नाही. दुकानात सांगतात ते माप बहुधा कातरलेल्या कापडाचे असते. किनार दुमडल्यावर काही इंच घटतात. चुलीवर मात्र कापडी चंदरवाच बांधला.