इर्शाळवाडीची मुलं त्या रात्री कुठे होती

19 जुलै 2023 च्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकूर समाजाची वाडी दरडीखाली गेली. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या त्या वाडीत 228 माणसांची नोंद होती. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडले नाहीत. 23 जुलैला शोध थांबवला आणि त्यांना तिथेच मातीत राहू द्यायचं ठरलं. 144 जण वाचले.

या वाचलेल्यांत काही तरुण पोरं होती. जेवण करून ती वाडीतल्या शाळेच्या इमारतीत मोबाइल घेऊन बसली होती. आवाज झाला तशी ती पळाली आणि खाली खबर गेली ती त्यांच्यामुळे. आणि बरीच लहान मुलं वाचली, कारण ती वाडीत नव्हतीच. जूनमध्ये शाळा उघडल्या होत्या आणि ती आश्रमशाळांच्या वसतिगृहात झोपली होती.

वाडीचं स्मरण करताना मला त्या वसतिगृहाबद्दलच बोलायचं आहे.

पण आधी वाडी. चौकहून नानिवलीला यायचं आणि तिथून तास-दीड तास चढायचं. गाडीरस्ता नाही. इर्शाळगडाचं नेढं बघायला निघालेल्या ट्रेकर मंडळींनी इथल्या घरांच्या ओट्यावर पाठपिशव्या टेकवल्या आहेत, पिठलं-भाकरी खाल्ली आहे, लोटाभर पाणी पिऊन वरची वाट विचारली आहे. त्यातल्या कितीजणांना कुणाचं नाव आठवत असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. चढताना मागे वळलं की मोरबे धरणाचा जलाशय दिसतो. ते पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं. पावसाळ्यात नाचणी-वरी-भात, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, उरलेल्या दिवसांत खाली उतरून मजुरी, असं तिथलं वर्ष. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं. आदल्या तीन दिवसांत त्या भागात 499 मिलिमीटर पाऊस झाला होता. रस्ता नसल्यामुळे जेसीबी चढू शकला नाही आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. एनडीआरएफचे जवान, आसपासच्या गावांतली पोरं आणि गिर्यारोहक यांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. मदतीला चढणारे नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने गेले. वाडीच्या मृतांबरोबर त्यांचंही नाव घेतलं पाहिजे.

आता आश्रमशाळा. हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा वाईट बातमीतच येतो. अळ्यांचं अन्न, गळकं छप्पर, सर्पदंश, तापाने गेलेलं मूल. त्या बातम्या खोट्या नाहीत. राज्यात सुमारे पाचशे सरकारी आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा दीड दशकात हजाराहून अधिक मुलं दगावल्याचं 2016 मध्ये समोर आलं. हे सगळं माहीत असूनही शेजारच्या कर्जत तालुक्यात पाथरज, कळंब, भालिवडीकडच्या वाड्यांमधले आईबाप जून उजाडला की पोराची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन शाळेच्या दारात उभे राहतात. शहरातल्या माणसाला हे कळत नाही. इतकं वाईट आहे तर पाठवता कशाला, असं तो विचारतो.

पाठवतात, कारण वाडीतली शाळा प्राथमिक वर्गांपाशी संपते. पुढची शाळा डोंगर उतरून आहे, आणि पावसाळ्यात मधला ओढा चार-चार दिवस वाट देत नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. पोर बरोबर नेलं तर शाळा बुडते, मागे ठेवलं तर त्याला जेवू कोण घालणार? दोन वेळचं जेवण, अंगावर चादर, आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारा अधीक्षक, रात्री दिवा घालवायला येणारी कामाठीण. आईबाप शाळेत घालतात ते निम्मं धड्यांसाठी आणि निम्मं या रात्रीच्या सोयीसाठी. इर्शाळवाडीच्या मुलांना 19 जुलैला वाचवलं ते याच दुसऱ्या निम्म्याने.

त्यातल्या काहींना दुसऱ्या दिवशी आई किंवा बाप किंवा दोन्ही उरले नव्हते. अनाथ मुलांचं पालकत्व घेत असल्याचं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली आणि पुढे सिडकोने त्यांच्यासाठी घरं बांधली. हे झालं ते चांगलंच झालं. पण आपण सगळे घरांबद्दल बोललो, रस्त्याबद्दल बोललो, दरडींच्या याद्यांबद्दल बोललो. मुलं वाचली कशामुळे, याबद्दल फार कुणी बोललं नाही. बातमीत एक ओळ आली, 'सुदैवाने ही मुलं आश्रमशाळेत होती.' यात दैवाचा काही संबंध नव्हता. कुणीतरी कधीकाळी ठरवलं होतं की डोंगरातल्या मुलाच्या राहण्याखाण्याचा खर्च सरकारने करायचा. हा त्या निर्णयाचा परिणाम होता.

आणि इथेच मला एका वेगळ्या मुलाची आठवण काढायची आहे, ज्याच्याबाबत हा निर्णय झालेला नाही. डोंगरातल्या वाडीत जन्मलेलं, ऐकू न येणारं, नीट चालता न येणारं, किंवा बुद्धीने मागे राहिलेलं मूल. भावंडं जूनमध्ये पेटी घेऊन जातात, हे घरी राहतं. आश्रमशाळेचा अधीक्षक वाईट माणूस असतो असं नाही. दीड-दोनशे मुलं सांभाळताना, ज्याला रात्री कुणीतरी उठवून बाहेर न्यावं लागतं असं एक मूल तो घेऊ शकत नाही, कारण त्यासाठी त्याच्याकडे माणूस नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे. जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा हक्क त्यात लिहिलेला आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरीच शिकण्याची मुभा त्याआधीच, 2012 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात आली. शहरातल्या फ्लॅटसाठी ही मुभा ठीक आहे. गाडीरस्ता नसलेल्या वाडीत घरी शिकायचं म्हणजे फिरता विशेष शिक्षक चढून येईल तेव्हा शिकायचं. सरकार या मुलांना प्रवास भत्ता देतं, मदतनीस भत्ता देतं. ज्या वाटेवर रिक्षा येत नाही, तिथे प्रवास भत्त्याचं काय करायचं? दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठीसुद्धा जिल्हा रुग्णालय अलिबागला. कर्जतच्या टोकाच्या वाडीतून मुलाला पाठीवर घेऊन अलिबाग गाठायचं म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडवायची.

2024 मध्ये राज्याने शाळांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचा निर्णय घेतला. स्वागत आहे. मात्र शिक्षक दिवसाचा असतो. या मुलांचा खरा प्रश्न रात्रीचा आहे.

निवासी विशेष शाळांचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात, आणि त्याला कारण आहे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात कुपोषणाने मुलं दगावल्याची बातमी 2010 मध्ये आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. पाठोपाठ 2011 मध्ये आपल्याच रायगडात, कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. 2013 मध्ये दोषींना शिक्षा झाल्या. ज्या मुलींना काय घडलं हे सांगताही येत नव्हतं, त्यांच्या बाबतीत हे घडलं. त्यानंतर कुठल्याही आईने आपलं लेकरू परक्या छपराखाली ठेवायला नकार दिला तर तिला दोष कोण देणार?

तरीही, अशी ठिकाणं बंद करणं हे त्याचं उत्तर आहे असं मला वाटत नाही. सरकारी खात्यांना मात्र बंद करणं सोपं जातं. पटसंख्या कमी दिसली की शाळा हलते, तपासणीत त्रुटी निघाली की मान्यता जाते, आणि मुलं घरी जातात. घरी म्हणजे कुठे, हे फाइलीत लिहिलेलं नसतं. आदिवासी वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं 2018 मध्ये ठरलं, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिकला चालत निघाले. त्यांना नेमकं कळलं होतं की खाणावळ गेली की वसतिगृहाची निम्मी सोय गेली. ती पोरं हातीपायी धड होती, चालू शकत होती, घोषणा देऊ शकत होती. मी ज्या मुलांबद्दल बोलतो आहे त्यांचा मोर्चा निघणार नाही.

म्हणून इर्शाळवाडीच्या नावाने एकच मागणं आहे, आणि ते पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे एकत्रच आहे, कारण दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायची सवय जुनी आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत किमान एकेका आश्रमशाळेत दिव्यांग मुलांसाठी दहा जागा राखून ठेवा. त्या दहांसाठी एक निवासी विशेष शिक्षक आणि रात्रपाळीच्या दोन मदतनीस बायका नेमा, शक्यतो त्याच वाड्यांमधल्या. तपासणी महिन्यातून एकदा, न सांगता होऊ द्या, आणि तपासणाऱ्यांत दोन आया असू द्या. दाखल्याचं शिबिर अलिबागऐवजी कर्जतला भरवा. पुढच्या जूनमध्ये पेट्या वाहिल्या जातील तेव्हा यातलं काय झालं, हे या दोन तालुक्यांतल्या पंचायत समिती सदस्यांनी आणि आपणही जाऊन विचारलं पाहिजे.