पलटे आणि पायऱ्या

कणकवलीकडच्या आमच्या गावात भजनाला बुवा स्वतःच पेटी धरत. दुपारी त्याच पेटीवर ते आम्हा पोरांकडून पलटे घोटून घेत. सारेग, रेगम, गमप करत वर जायचं आणि तसंच खाली उतरायचं. गाणं कधी शिकवणार, असं विचारायची सोय नव्हती. आधी हात बसू दे, हे ठरलेलं उत्तर.

पुढे मुंबईत एका ऑर्केस्ट्रात कोरस गाताना मी कीबोर्डवाल्याच्या मागे उभी असायचे. एका गाण्याच्या सुरुवातीला तो डाव्या हाताने तीन पट्ट्या नुसत्या दाबून ठेवी आणि उजव्या हाताने खुशाल चहा पिई. सूर मात्र एकामागून एक पळत सुटत. आयते पलटे! बटणावर लिहिलं होतं, ‘आर्पेजिएटर’. बुवांनी हे पाहिलं असतं तर पेटीचा भाता बांधून सरळ घरी गेले असते.

मी मात्र त्या बटणाच्या नादी लागले. आता घरी कॉर्गचा मायक्रोकॉर्ग आहे. २००२ साली बाजारात आलेलं हे वाद्य, ३७ बारक्या पट्ट्यांचं. शेजारशेजारचे सूर धरायचे तर बोटं एकमेकांवर चढतात. त्यात आर्पेजिएटरच्या सहा तऱ्हा. वर-खाली जाणाऱ्याच दोन आहेत आणि त्यांतला फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. सा, ग, प धरलं तर पहिली ‘सा ग प ग’ असं फिरते. दुसरी टोकाचे सूर दोनदा घेते, ‘सा ग प प ग सा’. पण पहिल्या फेऱ्यात चार सूर, दुसऱ्यात सहा. म्हणजे एक केरव्यात चपखल बसते, दुसरी दादऱ्यात. माहितीपुस्तकात हे कोण कशाला लिहील?

खरी मजा आठ बटणांच्या दिव्यांत आहे. प्रत्येक दिवा म्हणजे एक पायरी. पेटलेला असेल तर सूर वाजतो, विझवला तर तिथे गप्प. पहिला, चौथा आणि सातवा तेवढे ठेवले की तीन-तीन-दोन असा झोक येतो आणि तेच मिळमिळीत सूर नाचायला लागतात. शेवटची पायरी आठाऐवजी सातवर आणली की रूपक. रूपकाची सम खालीवर येते, डग्गा तिथे बोलत नाही. म्हणून मी पहिलाच दिवा विझवते. यंत्राला समेचं काय! त्याला वेग सांगितला, सूर दिले की झालं. कुठे थांबायचं, ते आपण सांगायचं.

यंत्राचं काम कुठवर आणि आपलं कुठून, हे मुंबईत कुणीतरी फार आधी ओळखलं होतं. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंडची तीन वाद्यं घेऊन दहा रागांची डिस्को तबकडी केली : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या आधी हे मुंबईत झालं होतं, असा गाजावाजा सुरू झाला. पहिलं कोण, या वादात मला रस नाही. मी ऐकते ती कामाची वाटणी. तळाशी ३०३ची तीच ती ओळ गरगरत राहते, आणि रागाची फिरत ज्युपिटरवर त्यांच्या हाताने.

वाटणी तशीच करावी लागते. भूपाचे पाच सूर चढताना-उतरताना तेच. काळी तीन सा धरून सगळ्या काळ्या पट्ट्या दाबल्या की आर्पेजिएटर भूपाचे सूर तरी चुकवत नाही. पण देस? त्याच्या आरोहात गंधार-धैवत नाहीत, निषाद शुद्ध. उतरताना दोन्ही परत येतात आणि निषाद कोमल होतो. यंत्र ज्या पायऱ्यांनी चढतं त्याच पायऱ्यांनी उतरतं.

यावर आमच्या घरी एक जुगाड आहे. बोटं उचलली तरी सूर चालू ठेवणारं ‘लॅच’ लावून मी आरोहाचे सूर धरते. माथ्यावर पोचलं की भाचा नॉब फिरवून ‘वर’चं ‘खाली’ करतो आणि त्याच क्षणी मी उतरायचे सूर दाबते. त्याचं म्हणणं, मावशी घाई करते. माझं म्हणणं, तो मोबाइल बघत बसतो. कोमल निषाद अजून वेळेवर आलेला नाही.