झांज ऐकू येते का?

गेल्या पावसाळ्यात सातपाटीचे एक तांडेल दवाखान्यात आले. म्हणाले, “डॉक्टर, माणसं बोलतात ते कानावर येतं, पण काय बोलतात ते कळत नाही.” बोटीच्या डिझेल इंजिनाजवळ त्यांची ३० वर्षं गेली होती. मी त्यांना श्रवणचाचणी लिहून दिली. घरी येऊन नेहमीसारखा हेडफोनवर जॅझ लावला, तोही मोठ्या आवाजात.

बिग बँडच्या स्विंगची ओढ मला सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मुळे (१९५१) लागली. त्यात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. मुंबईच्या हॉटेलांत वाजणारा जॅझ अशा वादकांमुळेच सिनेमाच्या गाण्यांत आला.

तुम्हीही ड्यूक एलिंग्टन यांचं ‘टेक द ए ट्रेन’ ऐकून पाहा. चार मात्रांचं एक आवर्तन धरा. आठ आवर्तनांची चाल दोनदा येते, मग आठ आवर्तनं वेगळी चाल, आणि शेवटी पुन्हा पहिली. अंतऱ्यावरून मुखड्यावर यावं तसं. भजनात बुवांमागे मंडळी म्हणतात, तशी एका वाद्यगटाला दुसरा गट उत्तर देतो. स्विंगमध्ये ड्रमवादक बहुधा पायाने झांजांची जोडी वाजवतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.

त्या रात्री मुलीने माझा हेडफोन कानाला लावला. “बाबा, केवढा हा आवाज!” तिने तो कमी केला आणि झांजेबरोबर बोटांनी ठेका धरला. मग मी ऐकलं. ट्रम्पेट होते, सॅक्सोफोन होते. झांज नव्हती.

माझ्या चाचणीत दोन्ही कानांचा आलेख ४००० हर्ट्झजवळ खाली गेला होता. मोठ्या आवाजाने बहुतेक वेळा इथूनच सुरुवात होते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ हे उच्चारही उंच पट्टीतले. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण शब्द निसटतात.

म्हणून एवढं करा. इंजिनाजवळ कापसाचा बोळा पुरत नाही, इअरप्लग किंवा इअरमफ वापरा. हेडफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. कानात शिट्टी वाजत राहिली तर तपासून घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

तांडेलांना आता श्रवणयंत्र लागलंय. मी जॅझ हळू आवाजात ऐकतो. दुसरी आणि चौथी मात्रा मोजतो. झांज तिथे आहे, हे मला माहीत आहे. तुम्हाला ती अजून ऐकू येत असेल, तर जपा.