कडावच्या बाकावरची मतं

आमचं कडाव कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव. बाहेरच्या माणसाला ते बाळदिगंबर गणपतीमुळे ठाऊक असतं. मला मात्र कडाव म्हटलं की नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलातला लाकडी बाक आठवतो. जगात नवं यंत्र निघालं की त्याची बातमी आधी या बाकावर यायची आणि तिथंच तिच्यावर मत पडायचं. मुंबईहून लोकलनं कर्जतला उतरलेला नोकरदार संध्याकाळच्या एसटीनं गावात येई, त्याच्या पिशवीत सकाळचा पेपर असे. पेपरची पानं सुटी करून वाटली जात. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचे, बाकीचे कपबशी हातात धरून ऐकत. पुढं मी मुंबईत बऱ्याच कचेऱ्यांत बसलो, पण तितकी जिवंत चर्चा कुठं ऐकली नाही.

नव्या वस्तूचं कुणी फार कौतुक करायला लागलं की आमचे आबा एकच विचारत, "ती आपल्याकडं आली तर कोणाचं काम वाचंल?" हा प्रश्न त्यांना या कर्जत तालुक्यानंच शिकवला होता. घाटावर ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली, ते पाणी नळांतून डोंगराखाली आणलं आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांचं वीजघर सुरू झालं. वीज मनोऱ्यांवरच्या तारांतून मुंबईला गेली. तारा आमच्या तालुक्यावरून आणि घरात मात्र रॉकेलची चिमणी! माझ्या आजीची सगळी बाळंतपणं त्या चिमणीच्या उजेडात झाली. बेचाळीसच्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे कापून पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आबांनी तो काळ पाहिला होता. तरीही विजेविषयी ते कडवटपणे बोलत नसत. वीज काढून झाल्यावर सोडलेलं पाणी पेज नदीला मिळतं, आणि त्याच पाण्यावर राजनाला नावाच्या कालव्याखाली उन्हाळी भात पिकतं. एरवी कोकणात एप्रिलमध्ये ढेकळं दिसतात, आमच्याकडं भात पोटरीत आलेलं असतं. "विजेनं आम्हाला पाणी आधी दिलं, उजेड मागनं," असं आबा म्हणत. विजेवर याहून नेमकं आणि न्यायाचं बोलणं मी ऐकलेलं नाही.

रेडिओ आला तेव्हा त्याला परवाना लागायचा, पैसे पोस्टात भरायचे. हॉटेलातला रेडिओ पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना लावला जाई आणि त्या दहा मिनिटांत कपबशीचासुद्धा आवाज होऊ द्यायचा नाही, असा दंडक होता. त्या रेडिओशी जोडलेली माझी सगळ्यात लख्ख आठवण १९७९ सालच्या जुलैतली.

अमेरिकेनं १९७३ साली आकाशात सोडलेली स्कायलॅब नावाची सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा खाली येणार होती आणि ती कुठं पडेल हे नेमकं कुणी सांगू शकत नव्हतं. आमच्याकडं लावणीचा ऐन हंगाम. पाऊस लागून राहिलेला, आवण लवकर उपटलं नाही तर वाया जायचं. आणि गावात घबराट! कुणी म्हणे शेतावर जाऊ नका, कुणी म्हणे घरात थांबू नका. एका घरात तर होतं नव्हतं ते कोंबडं कापून जेवण झालं, पुढचं कोणी पाहिलंय म्हणून. बाकावर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. सत्त्याहत्तर टन म्हणजे किती, तर एसटीच्या किती गाड्या, याचा हिशोब शाळेतल्या गुरुजींनी मांडून दाखवला. पृथ्वीचा बराचसा भाग पाण्याचा आहे, तेव्हा तुकडे समुद्रात पडण्याचाच संभव जास्त, हेही त्यांनी हॉटेलच्या पाटीवर गोल काढून समजावलं. पाटीवरचे भज्यांचे भाव त्यासाठी पुसले गेले. आमच्या शेजारच्या काकूंनी सगळं ऐकून घेतलं, इरलं डोक्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "पडलंच तर चिखलात पडंल. आवण नाय थांबायचं." त्यांच्यामागं बायका निघाल्या, बायकांमागं गडी निघाले. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली, काही तुकडे ऑस्ट्रेलियात पडले. दुसऱ्या दिवशी रेडिओनं ते सांगितलं तेव्हा काकूंचा मळा लावून झाला होता.

याच काकूंनी पुढं दूरचित्रवाणीचीही परीक्षा घेतली. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं, पण आमच्या गावात संच यायला बराच काळ गेला. आला तरी पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यामुळे पडद्यावर मुंग्याच जास्त. एकजण कौलांवर अँटेना फिरवतोय आणि खालून सगळे "आलं, आलं, गेलं!" म्हणून ओरडतायत, हे तेव्हाच्या कुठल्याही गावातलं दृश्य. काकू 'आमची माती, आमची माणसं' मन लावून पाहत. लावणीवर माहिती सांगणाऱ्या एका पाहुण्याकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सांगतोय बरोबर, पण पाय कोरडे हायत त्याचे." तेव्हापासून टीव्हीवर कुणीही सल्ला द्यायला लागलं की आमच्या घरात आधी पाय पाहिले जात.

एसटीडीचा बूथ आला तो सॅम पित्रोदांच्या काळातला. कडावचे कितीतरी लोक मुंबईत, पुढं काही जण आखातात. रात्री दर उतरायचे, म्हणून जेवणं उरकून बूथबाहेर रांग लागायची. काचेच्या खोलीत एकजण, त्याच्या डोळ्यांसमोर लाल आकडे पळतायत आणि बाहेर सगळं गाव. त्यामुळं काय झालं, तर कुणाच्या लेकीला सासरी त्रास आहे, कुणाचा पगार थकला आहे, हे रांगेला कळे. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याच रांगेतल्या लोकांनी एका घराला कर्जतच्या दवाखान्यापर्यंत रात्री जीप करून दिलेली मी पाहिली आहे, आणि तीही फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत. फोन महाग होता तोवर माणसं मुद्द्याचं बोलत आणि नीट ऐकून घेत, असं मला आजही मनापासून वाटतं.

मोबाइलचं बाकावर आधी स्वागत झालं नाही. १९९५ साली देशातला पहिला मोबाइल कॉल झाल्याची बातमी वाचली गेली. आलेला फोन घ्यायलाही पैसे पडतात हे कळल्यावर, 'आपल्याला कोणी बोलावलं तर आपणच का पैसे द्यायचे' या सवालापाशी विषय संपला. इंटरनेटची बातमीही त्याच वर्षीच्या ऑगस्टातली, पण गावाला इंटरनेट कळलं ते पुढं, कर्जतच्या सायबर कॅफेत दहावीचा निकाल शाळेत येण्याआधी दिसला तेव्हा. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि त्याच सुमारास नोकियाचं अकराशे नंबरचं मॉडेल आलं. या एका वस्तूवर आमच्या गावानं जितकं प्रेम केलं तितकं कशावरच केलं नसेल. रबरी बटणं, चिखलाच्या हातानं दाबली तरी चालणारी. धूळ आत जात नसे, चार्जिंग कितीतरी दिवस टिके. आणि त्याच्या डोक्यावर एक बारकी बॅटरी होती. उन्हाळी भाताला पाण्याची पाळी बऱ्याचदा रात्रीची येते. काळोखात बांधावरून चालायचं, दारं मोडायची, पाणी फिरवायचं आणि पायाखाली कधी काय येईल याचा नेम नाही. माझा चुलतभाऊ तो फोन तोंडात धरून दोन्ही हातांनी फावडं चालवायचा. त्याला बाकावर विचारलं, "काय रं, कसा हाय?" तर म्हणाला, "रेंज नसली तरी इंचू दिसतो." आबांच्या जुन्या प्रश्नाला मिळालेलं हे सगळ्यात सरळ उत्तर होतं.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पाहता पाहता पेपरची पानं वाटून घेणं थांबलं. आता बाकावर चौघं बसले तरी चौघांच्या हातात चार बातम्या. फोनवरून पैसे दिले की गल्ल्याजवळचा डबा आकडा मोठ्यानं सांगतो. मला त्या डब्याचा राग नाही, हॉटेलवाल्या काकांची नजर अधू झाल्यापासून त्यांना त्याचाच आधार आहे. जे गेलं त्याची हळहळ मात्र आहे. एक बातमी सगळ्यांनी मिळून ऐकायची, गुरुजींनी पाटीवर गोल काढायचा, काकूंनी शेवटचं बोलायचं, आणि जो बोलला त्याला उद्या त्याच बाकावर येऊन बसायचं आहे हे सगळ्यांनाच माहीत असायचं. त्यामुळं बोलणं जपून व्हायचं. फोनवर बेधडक मतं फेकणाऱ्याला उद्या कुणाच्या शेजारी बसायचं नसतं, हे मला खटकतं.

पण सवय पुरती मोडलेली नाही. गेल्या खरिपात चुलतभावाच्या मुलानं भाताच्या पानावरच्या तपकिरी ठिपक्यांचा फोटो फोनला दाखवला. फोननं करपा सांगितला, औषधाचं नावही दिलं. पोरानं ते बाकावर वाचून दाखवलं. त्याच्या बापानं विचारलं, "ह्यानं आपलं शेत बघितलंय काय?" मग तेच पान पिशवीत घालून पोरगा कर्जतच्या भात संशोधन केंद्रात गेला. तिथल्या साहेबांनीही करपाच सांगितला, फवारणीचं प्रमाण मात्र निम्म्यावर आणलं. आता त्या घरात ठरलंय, दोघांचं जुळलं तर पंप उचलायचा, नाय तर आणखी एकाला विचारायचं.