मांडी घालायची नाही

मावळातल्या घरात जगणं जमिनीवर चालतं. तांदूळ निवडायचे ते जमिनीवर, पंगत जमिनीवर, हरिपाठ जमिनीवर, तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं तेही जमिनीवरच. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दवाखान्यातून सोडताना डॉक्टर बजावतात: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. तिथल्या उंच पलंगावर हे सगळं सोपं वाटतं. मी माझ्या गावी, सुदुंबऱ्याला घरी आले आणि उंबरा ओलांडताच कळलं, की माझा अख्खा दिवस या नियमांनी काढून घेतलाय.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, पहिल्या पावसात, मी मोरीपाशी घसरून पडले. उजवा पाय बाहेरच्या बाजूला कलला होता आणि आखूड दिसत होता. शेजारच्या बायका धावल्या, दोघींनी काखेत हात घातले. तेवढ्यात गल्लीतला एक मुलगा ओरडला, "काकूंना उठवू नका, आहे तसंच राहू द्या!" आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन आमच्या गावात आहे. 2014 साली माळीण गावावर डोंगर कोसळला तेव्हा चिखलातून माणसं काढायला याच बटालियनचे जवान गेले होते. त्यांना पाहत वाढलेल्या पोरांना एवढं ठाऊक असतं, की पडलेल्या माणसाला ओढायचं नाही. त्या पोरानं दाराची फळी आणली, पायाला उशांचा आधार दिला आणि मला त्या फळीवरून गाडीत ठेवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मांडीच्या हाडाची मान मोडली होती. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे मला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारलं: हाड जोडायचं सोडून बदलता का? ते म्हणाले, वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेवरूनच जातात. मान मोडून सरकली की त्याही तुटतात, मग जोडलेलं हाड आतल्या आत मरू शकतं. म्हणून या वयात सांधा बदलणंच बरं. जॉन चार्न्ली नावाच्या इंग्रज सर्जनांनी 1962 साली धातूचा छोटा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी वापरून सांधा बदलण्याची भरवशाची पद्धत बसवली. हे भाग हाडात पक्के बसावेत म्हणून त्यांनी वापरलेलं सिमेंट मूळचं दातांच्या कामातलं. एका माणसानं चिकाटीनं घर्षणाचा विचार केला आणि साठ वर्षांनी मावळातली एक म्हातारी त्यावर उभी राहिली. मला याचं अजून भरून येतं.

मला उभं मात्र ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी केलं. टाके ओले, पाय दगडासारखा, आणि फिजिओथेरपीची मुलगी म्हणते, "आजी, वॉकर धरा, आधी दुखरा पाय पुढे." मला ते क्रूर वाटलं. तिनं समजावलं, की पडून राहिलं तर पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, फुप्फुसात कफ साठतो आणि स्नायू भराभर झिजतात. म्हणून पलंगावरही घोटे वरखाली हलवत राहायचे, म्हणजे पोटरी रक्ताला वर ढकलते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. कुशीवर वळताना दोन पायांमध्ये उशी. हे धडे मी नेमानं गिरवले. शरीर आज्ञाधारक असतं, रोज थोडंथोडं ऐकतं.

मनाचं तसं नाही. घरी आल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांची ये-जा होती, फळं होती, कौतुक होतं. मग भात लावणीचे दिवस आले आणि घर रिकामं झालं. संध्याकाळी दिवेलागणीला कारण नसताना रडू यायचं. रात्री झोप नाही, दुपारी डोळे मिटायचे. वॉकर सोडून दोन पावलं टाकायची म्हटली की पुन्हा मोरीतला तो कडकन् झालेला आवाज कानात यायचा. सर्वांत अवघड होतं ते संडासला जाताना सुनेला हाक मारणं. जिला मी चूल कशी सारवायची ते शिकवलं, तिनं माझं लुगडं सावरायचं! ती शांतपणे म्हणायची, "आई, तुम्ही माझ्या दोन बाळंतपणांत काय कमी केलंत?" त्या वाक्यानं माझी लाज एका दिवसात गेली नाही, पण हळूहळू गेली. औषधांच्या यादीत कुणी हे लिहून देत नाही, म्हणून मी सांगते: ऑपरेशननंतरचं रडू हा दुबळेपणा नाही. ते जखमेबरोबर येतं आणि बहुतेकदा जखमेच्या मागून जातं. आठवडे उलटले तरी ते हटत नसेल, जेवण तुटलं असेल, तर टाके दाखवतो तसंच ते डॉक्टरांना दाखवावं.

माझं खरं दुःख मात्र वेगळंच होतं. संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आमच्या गावात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक, आणि त्यांच्या अभंगांच्या वह्या लिहून जपणारे. ज्येष्ठ वद्यात संताजींची पालखी गावातून पंढरीला निघते. वारकरी भेटला की एकमेकांच्या पाया पडायचं, ही आमची रीत. त्या वर्षी मी ओट्यावर उंच खुर्चीत बसून होते. ओळखीच्या बाया रांगेतून बाहेर यायच्या, माझ्या पायांना हात लावायच्या, आणि मला खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावता येत नव्हता. घेतलेला नमस्कार परत देता येत नाही, याचं ओझं काय असतं ते सांगणं कठीण आहे. पुढे बायकांचं भजन घरी आलं. सगळ्या सतरंजीवर, वीणेकरीणही खाली, आणि मी सगळ्यांच्या वर, तसबिरीतल्या विठोबाच्याही वर. गळ्यातून सूर निघेना.

आमच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी टाळ थांबवले आणि संताजींचीच कथा सांगितली. तुकोबांनी संताजींना वचन दिलं होतं, की तुला मूठमाती मी देईन. तुकोबा 1650 मध्ये वैकुंठाला गेले. पुढे संताजींनी देह ठेवला तेव्हा गावकऱ्यांनी कितीही माती लोटली तरी चेहरा झाकेना. शेवटी तुकोबा आले, त्यांनी मुठीनं माती दिली, तेव्हा झाकला. बाई मला म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या संतालासुद्धा दुसऱ्याच्या हाताची वाट बघावी लागली. तू खुर्चीवर बसलीस म्हणून कुठला देव रागावतोय?" लहानपणापासून ऐकलेली ही कथा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग मी गायले. आवाज बारीक होता, तरी गायले.

आता काठी घेऊन समाधीपर्यंत जाते. हात जोडते, मान लववते. लावणीच्या वाफ्यात मी पुन्हा कधी उतरणार नाही आणि मांडीही घालणार नाही. याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील. ते कुणी खोडून काढू नये.

वाचणाऱ्यांनो, घरात साठी उलटलेलं कुणी असेल तर मोरीत आणि संडासात भिंतीला पक्की दांडी बसवून घ्या, फरशीवर शेवाळ साचू देऊ नका, रात्रीचा दिवा चालू ठेवा. कुणी पडलंच तर ओढून उठवू नका. आणि देवळांच्या विश्वस्त मंडळींना माझं हात जोडून मागणं आहे: सभामंडपात पाठ आणि हात असलेल्या चार उंच खुर्च्या कायमच्या ठेवा, आणि त्या मागच्या कोपऱ्यात नकोत, टाळकऱ्यांच्या ओळीत ठेवा.