बातूरच्या माथ्यावरची पहाट

उन्हाळ्याच्या सुटीत, मे महिन्याच्या अखेरीस, चिरंजीवांनी सहकुटुंब बालीच्या सहलीचा बेत आखला. कार्यक्रमपत्रिका हाती आली, तेव्हा तिसऱ्या दिवसापुढे 'बातूर ज्वालामुखीवरून सूर्योदय, चढण दोन तास' असे लिहिलेले आढळले. मी तत्काळ नकार दिला. वय सदुसष्ट, डावा गुडघा कुरकुरतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे, अशी तीन कारणे सांगितली. तीनही खरी होती; परंतु नकाराचे मूळ कारण चौथेच होते आणि ते फक्त सौ.ला ठाऊक होते. सायंकाळी ती एवढेच म्हणाली, "तीस वर्षे होऊन गेली. आता किती दिवस भिणार? मी जाणार आहे. तुम्हीही चला."

त्या भीतीचा उगम सांगावयाचा तर गावापासून आरंभ करावा लागेल. आमचे गाव जळकोट, तालुका तुळजापूर. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग ओलांडून पुढे आले की आमचे गाव लागते. वडिलांची धान्याची आडत होती. मी मात्र एम.कॉम. करून बँकेत लागलो आणि पुढील आयुष्य कर्जाच्या कागदपत्रांत गेले. 1993 साली मी उमरगा परिसरातील एका शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. जळकोटला आमच्या घरातील मांडणीवरची भांडी खाली आली, भिंतीला तडा गेला. आम्ही मुलांना घेऊन अंगणात धावलो आणि वाचलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या खेड्यांत मात्र हजारो माणसे झोपेतच गेली. तेव्हापासून भल्या पहाटे मला जाग येते आणि पायाखालची जमीन स्वस्थ आहे ना, हे मी नकळत पाहून घेतो. अशा माणसाने धुमसत्या डोंगरावर स्वेच्छेने, तेही अंधारात, चढावे, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

तथापि सौ.चा शब्द मोडवला नाही. रात्री दोन वाजता उबुद येथील मुक्कामावरून गाडी निघाली. तासाभराने आम्ही बातूरच्या प्रचंड कुंडाच्या कडेवर आलो आणि नागमोडी रस्त्याने आत उतरू लागलो. बातूरची रचना समजून घेण्याजोगी आहे. सुमारे 29 हजार वर्षांपूर्वी येथे महास्फोट होऊन पर्वत आत खचला आणि दहा-तेरा किलोमीटर विस्ताराचे कुंड तयार झाले. त्याच्या पोटात पुढे नवा डोंगर उभा राहिला, तोच आजचा बातूर. उंची 1,717 मीटर. त्याच्या पायथ्याशी चंद्रकोरीच्या आकाराचा तलाव आहे. बालीतील हा सर्वांत मोठा तलाव. 2012 साली युनेस्कोने या परिसराला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला.

पायथ्याच्या तोया बुंकाह गावाजवळ आमचा वाटाड्या भेटला. तिशीतला, सडपातळ, हसतमुख तरुण. येथे स्थानिक वाटाड्यांची संघटना आहे आणि त्यांच्यावाचून डोंगर चढू दिला जात नाही. निघण्यापूर्वी त्याने नारळीच्या पानाची लहानशी परडी, तीत फुले आणि भाताची शिते, एका दगडावर ठेवली, उदबत्ती लावली आणि हात जोडले. नंतर प्रत्येकाच्या हाती विजेरी व काठी देऊन तो म्हणाला, "माझ्या पावलावर पाऊल ठेवा. घाई करू नका."

प्रारंभीचा अर्धा तास शेतांमधून सोपी वाट होती. पुढे झाडी विरळ झाली, चढ उभा झाला आणि पायाखाली सुटी काळी खडी आली. एक पाऊल वर टाकावे, तो अर्धे पाऊल खाली घसरावे. वर पाहिले तर शेकडो विजेऱ्यांची रांग डोंगरावर वळवळत होती. खाली पाहिले तर केवळ काळोख. आपल्याकडे साधू-साध्वी पुढील चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात आणि रात्री विहार करीत नाहीत. रात्रीच्या चढाईबद्दल माझ्या मनात थोडा अपराधभाव होता. निदान नजर तरी जमिनीवरून हलू द्यायची नाही, असे ठरवून मी चालत राहिलो. गंमत अशी, की चार हातांपुरताच प्रकाश असल्याने भीतीही चार हातांपुरतीच राहिली.

दोनतृतीयांश चढ झाल्यावर गुडघ्याने हात टेकले. मी एका दगडावर बसलो. बारा वर्षांची नात म्हणाली, "दादाजी, मी थांबते तुमच्याजवळ." वाटाड्याने माझ्याकडे निरखून पाहिले, बूट सैल करून पुन्हा घट्ट बांधले आणि म्हणाला, "सूर्य आपल्याला टाकून उगवला तरी चालेल. डोंगर कोठे जात नाही." तो हे सहजपणे बोलला, मला मात्र त्या वाक्याचे हसू आले. डोंगर, जमीन, घर कोठे जात नाही, या विश्वासावरच तर आमची बँक चालत असे. गहाणखतावर 'स्थावर मालमत्ता' हे शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील!

माथ्याच्या कडेवर पोहोचलो तेव्हा पूर्वेकडे तांबूस रेघ उमटली होती. वारा बोचरा होता. समोर तलाव, त्यापलीकडे अबांगचा डोंगर आणि त्याच्या मागे बालीतील सर्वांत उंच व सर्वांत पवित्र मानला जाणारा आगुंग. हाही ज्वालामुखीच; 1963 साली त्याच्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे दगावली. समुद्रापलीकडे लोंबोक बेटावरील रिंजानीचे शिखर ढगांवर तरंगल्यासारखे दिसत होते. त्याच्या डावीकडे सूर्याची कोर वर आली. सारे कॅमेरे एकदम वर झाले. मी घड्याळ पाहिले. गोळीची वेळ चुकू नये म्हणून मी ते भारतीय वेळेवरच ठेवले होते. बालीची वेळ आपल्यापुढे अडीच तास आहे. काटे चारला चार-पाच मिनिटे कमी असल्याचे दाखवीत होते.

सौ.ने माझ्या मनगटाकडे पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही. गावाकडे त्या क्षणी अंधार होता, माणसे झोपलेली होती आणि येथे ऊन आमच्या पायांपर्यंत येत होते.

बहुतेक प्रवासी लगेच न्याहारीला बसले. येथील वाटाडे खडकांच्या फटींतून निघणाऱ्या गरम वाफेवर अंडी उकडतात आणि पाहुण्यांना देतात. आम्ही आदल्या दिवशीच कळविले होते, म्हणून आमच्या वाटाड्याने अंडी आणलीच नव्हती. त्याने केळी वाफेवर ठेवली. आमची नवकारशी असल्याने सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे थांबावयाचे होते. हे सांगताच तो म्हणाला, "मग तेवढा वेळ मी तुम्हाला माझे गाव दाखवतो."

तो आम्हाला कडेकडेने थोडे पुढे घेऊन गेला. खाली नैर्ऋत्येस काळ्या दगडांचे ओसाड रान पसरले होते. "जुने बातूर गाव या दगडांखाली आहे," तो म्हणाला. "माझ्या पणजोबांचे घरही." 1917 च्या उद्रेकात लाव्हा गावातील मंदिराच्या दाराशी येऊन थांबला, असे सांगतात. लोकांना तो कौल वाटला आणि ते तेथेच राहिले. 1926 साली मात्र लाव्हाने गाव आणि मंदिर दोन्ही गिळले. सरोवरदेवतेचे उंच देवालय तेवढे वाचले. ते लोकांनी वर कुंडाच्या कडेवर नेले, गावही तेथेच पुन्हा वसविले. आजचे उलुन दानू बातूर मंदिर ते हेच. बालीतील भातशेतीच्या पाणीवाटपासाठी शेतकऱ्यांच्या 'सुबक' नावाच्या संस्था आहेत. त्या या मंदिराला आपल्या पाण्याचे उगमस्थान मानतात. ही सुबक व्यवस्था 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मी विचारले, "मग तुम्ही कुंडात शेती कशाला करता? हा डोंगर पुन्हा पेटणार नाही का?"

"पेटणार," तो शांतपणे म्हणाला. "2000 साली पेटला होता, तेव्हा मी लहान होतो. पण वडिलांचा कांदा याच मातीत येतो."

हे उत्तर मी पूर्वी एकदा ऐकले होते. भूकंपानंतर तीन आठवड्यांनी लोहारा भागातील एक वयस्क शेतकरी माझ्या टेबलासमोर उभा राहिला होता. पत्नी आणि मुलगा गेलेले, हाताला पट्टी. रब्बीच्या ज्वारीसाठी बी-खताचे कर्ज मागत होता. मी थक्क होऊन विचारले, "त्याच जमिनीत पेरणार?" तो म्हणाला, "माणसं गेली साहेब. जमीन हाय की तिथंच. वल हाय तवर पेरावं लागतंय." सातबारावर मृत मुलाचेही नाव होते. वारसाची नोंद झाल्याशिवाय प्रकरण पुढे नेता येत नव्हते. थोडी जबाबदारी स्वतःवर घेऊन मी वरिष्ठांकडे शिफारस करू शकलो असतो. मी केली नाही. ज्या भूमीने घर गिळले तिच्यावर कर्ज देणे मला धोक्याचे वाटले, आणि त्या भीतीला मी नियमाचे नाव दिले. मंजुरी आली तेव्हा पेरणीचा हंगाम टळून गेला होता. तो शेतकरी पैसे घ्यायला आला नाही, पुन्हा कधीच दिसला नाही. ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती. बातूरच्या माथ्यावर, केळी वाफत असताना, प्रथमच सौ.ला सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, "त्याला ठाऊक होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं."

नवकारशी पाळून आम्ही केळी आणि घरून आणलेला खाकरा खाल्ला. वाफ निघत होती त्या खडकावर मी तळहात ठेवला. खडक आजारी माणसाच्या कपाळासारखा कढत होता. आपल्या आगमांत पृथ्वीकाय जीव सांगितले आहेत. लहानपणापासून पाठ असलेला हा शब्द त्या दिवशी मला हाताला जाणवला.

उतरताना उजेडात शेते दिसली. काळ्या भुसभुशीत मातीत कांदा, टोमॅटो, मिरची डोलत होती. कांदा आपण खात नाही. पण त्यासाठी आयुष्यात कितीतरी कर्जे मी मंजूर केली असल्याने पीक उत्तम आहे, एवढे मला कळत होते. वाटाड्याच्या वडिलांनी हात उंचावून नमस्कार केला. मीही केला.

परत आल्यावर जळकोटच्या घरी गेलो. घराची पायरी काळ्या दगडाची आहे. नळदुर्गचा किल्ला, गावची विहीर, शेतातील बांध, सारे त्याच दगडाचे. हा दगडही लाव्हाच आहे, हे शाळेत शिकलो होतो, पण कधी मनाला भिडले नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरांवर थर लाव्हा वाहिला आणि दख्खनचे पठार झाले. भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल वेध घेतला, तेव्हा या काळ्या दगडाचे थर सुमारे 338 मीटर खोलीपर्यंत भरले. याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली, जिच्यात तूर, उडीद, ज्वारी पिकते आणि जिच्यावर आपल्या आडती चालल्या. याच दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती 1993 च्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. देणारी आणि घेणारी भूमी वेगळी नव्हती. बातूरच्या लोकांनी हे जाणून घर वर नेले आणि शेत खाली ठेवले. आपल्याकडेही गावे नव्या जागी, भूकंपाचा धक्का सोसणारी घरे बांधून वसली, आणि शेतकरी जुन्याच शिवारात पेरत राहिला. मी मात्र घर आणि शेत यांतला भेद ओळखला नाही.

वाचकांपैकी कोणी बालीला जाणार असेल, तर ही चढाई अवश्य करावी. चांगली पकड असलेले बूट, उबदार जाकीट आणि काठी जवळ असावी. हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच जावे. अंडे नको, हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे, आणि नवकारशी असेल तर वाटाड्याला तेवढा वेळ थांबण्यास आधीच विनंती करावी. तो थांबतो, आणि त्या वेळात जे ऐकायला मिळते ते घाईने उतरणाऱ्यांना मिळत नाही.

पहाटेची जाग अजून येते. परवा त्याच वेळी उठून मी पायरीवर जाऊन बसलो. दगड गार होता. सौ. मागून आली आणि शेजारी बसली. उजाडेपर्यंत आम्ही तेथेच होतो.