वाढत्या मापाचा नको

भोसरी, पुणे
२ ऑगस्ट

चि. मीनल,


तू पाठवलेला फोटो पाहिला. स्केटबोर्ड दिसायला झकास आहे. गुलाबी रंग, वर युनिकॉर्न आणि खोक्यावर ठसठशीत छापलंय, ‘५ ते १५ वर्षांसाठी’. आपली ओवी ६ वर्षांची, वजन जेमतेम १८ किलो. पंधरा वर्षांचं पोरगं सहज ५० किलोचं असतं. या दोघांना एकच बोर्ड चालेल असं ज्यानं छापलं, त्यानं बोर्ड वळतो कसा याचा विचारच केलेला दिसत नाही. तेव्हा हा घेऊ नकोस. आणि रोहितराव म्हणतात तसा ‘एकदाच मोठा घेऊन टाकू, पाच-सात वर्षं बघायला नको’ असाही नको. शाळेचा फ्रॉक आपण वाढत्या अंगाचा शिवतो, खाली भरपूर दुमड ठेवतो. पण सैल फ्रॉकात मूल पडत नाही, मोठ्या बोर्डवर पडतं.

मामा बेअरिंगवाला, त्याला यातलं काय कळतं, असं म्हणशील. अगं, स्केटबोर्डच्या चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं, म्हणून स्केटिंगवाली पोरं माझ्याच दुकानात येतात. काउंटरवर बोर्ड उलटा टाकतात, चाकं खोलतात आणि गप्पा मारतात. त्यातून जे कळलं ते लिहितो.

बोर्डला स्टेअरिंग नसतं, ब्रेकही नसतो. फळीखाली दोन ट्रक असतात. त्यांच्या मधल्या जाड बोल्टला किंगपिन म्हणतात आणि त्यावर युरेथेनचे दोन बुश बसवलेले असतात. चालवणारा एका बाजूला कलला की बुश त्या बाजूनं दबतात, आस तिरका होतो आणि बोर्ड वळतो. म्हणजे स्टेअरिंग, दिशा, तोल, सगळं काही चालवणाऱ्याच्या वजनावर. मोठ्या माणसासाठी बसवलेला कडक बुश १८ किलोला दबतच नाही. पोर वळायला म्हणून कलते आणि बोर्ड सरळ भिंतीकडे जातो. लोक म्हणतात, हिला तोल नाही. तोल असतो गं, बोर्ड तिचं ऐकत नाही.

रुंदीचंही तेच. मोठ्यांची फळी ८ इंच किंवा जास्त रुंद आणि ३१-३२ इंच लांब असते. एवढ्याशा पावलाचा जोर तिच्या कडेपर्यंत पोचत नाही. ओवीला ७ ते सव्वासात इंच रुंद आणि २८-२९ इंच लांब पुरे. ट्रकचा आसही फळीच्याच रुंदीचा हवा. फळी मेपलच्या सात पातळ थरांची, दाबून चिकटवलेली असावी. २२ इंची प्लॅस्टिकचे छोटे बोर्ड मिळतात, ते लहान म्हणून लहानांचे असं समजू नकोस. त्यावर दोन पावलं नीट फाकवून उभं राहायलाच जागा नसते.

दुकानात गेलीस की बोर्ड खोक्यातून बाहेर काढायला लाव आणि फरशीवर ठेव. एका कडेवर तळहात टेकून दाब. फळी कलली पाहिजे आणि त्या बाजूची पुढची-मागची चाकं एकमेकांकडे वळलेली दिसली पाहिजेत. हात काढलास की सगळं सरळ. तुझ्या हाताला हलत नसेल तर किंगपिनचा नट थोडा सैल करायला सांग, नाहीतर मऊ बुश घालून मागव. मात्र नट इतका सैल नको की बोल्टचं टोक त्याच्या आत जाईल. ट्रकच प्लॅस्टिकचा असेल तर पुढे काही बघू नकोस, बाहेर पड.

मग चाक बघ. स्वस्तातल्या बोर्डांना कडक प्लॅस्टिकची चाकं असतात. फरशीवर खडखडतात, वळताना घसरतात. पूर्वी स्केटबोर्डला लोखंडाची, नंतर भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची चाकं असत. खडा आला की ती जागच्या जागी अडायची आणि माणूस पुढे फेकला जायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं युरेथेनची चाकं बाजारात आणली आणि तेव्हा कुठे हा खेळ पोरासोरांच्या आवाक्यात आला. आज प्लॅस्टिकचं चाक घेणं म्हणजे पोरीला त्याच्या आधीच्या काळात ढकलणं.

युरेथेनमध्येही मऊ-कडक असतं. चाकावर ‘५२ मिमी, ९९ए’ असे आकडे छापलेले असतात. पहिला व्यास, दुसरा कडकपणा. ९९ए चाक स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर छान पळतं, पण तुमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत आणि शेजारी बांधकामाची वाळू सांडलेली असते. तिथे ७८ए ते ८५ए मऊ चाक घे, ५४ ते ५६ मिमीचं. वाळूचा कण ते अंगाखाली घेतं आणि पुढे जातं. फक्त चाक मोठं आणि ट्रक सैल असला की वळताना फळी चाकाला घासते आणि चाक अडतं. म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये ३ मिमीचे रायझर पॅड घालून घे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. दुकानदार तुला ‘एबेक ९’ बेअरिंग दाखवून जास्त पैसे मागेल. देऊ नकोस. ६०८ म्हणजे आतून ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. मध्यंतरी पोरं ते फिजेट स्पिनर बोटावर फिरवायची ना, त्यातही हेच. एका बोर्डला आठ लागतात. एबेकचा आकडा माप किती काटेकोर आहे ते सांगतो आणि त्याचा उपयोग प्रचंड वेगानं फिरणाऱ्या यंत्रांना. ५४ मिमीचं चाक एका फेऱ्यात १७ सेंटीमीटर जातं. ओवी ताशी १० किलोमीटरनं गेली, आणि ती जाऊ नये, तरी मिनिटाला हजारच्या आसपास फेरे होतील. त्याला साधं बेअरिंग उदंड झालं. बेअरिंगचे शत्रू दोनच, पाणी आणि धूळ. पाण्यानं फळीचे थरही सुटतात. म्हणून आता ऑगस्टमध्ये घाई करू नकोस, दसऱ्याला घे. तोवर पाऊस ओसरेल आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे मिळतील.

एखाद्या मुलीला लहान झालेला चांगला बोर्ड मिळाला तर तोही बिनदिक्कत घे. बुश, चाकं, बेअरिंग सगळं बदलता येतं. फळीला तडा नाही आणि आस वाकलेला नाही, एवढं तपास. वाचलेले पैसे हेल्मेटवर घाल. सायकल आणि स्केटबोर्ड दोन्हींसाठीचं युरोपीय मानक ‘ईएन १०७८’ आहे, तो शिक्का बघ. हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूला खालपर्यंत येणारं हवं, कारण बोर्ड पुढे निसटला की मूल मागे पडतं. भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं, म्हणून मनगटाचे गार्ड गुडघ्याच्या पॅडइतकेच महत्त्वाचे. बूट मात्र महागडे नकोत. शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे, सपाट तळाचे उत्तम.

सासूबाई म्हणतात की मुलगी लहान आहे, झेपणार नाही. त्यांची काळजी अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की पाच वर्षांखालच्या मुलांना बोर्ड देऊच नये आणि सहा ते दहा वयात मोठं माणूस जवळ हवं. लहानांचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं, गुरुत्वमध्य वर असतो आणि सावरायला वेळ लागतो. म्हणून ओवीच्या चार वर्षांच्या भावाला यंदा नाही, त्याला तीनचाकी स्कूटर दे. पण ‘मुलगी’ म्हणून शंका असेल तर त्यांना सांग, टोकियो ऑलिंपिकमध्ये स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया आणि रौप्य जिंकणारी ब्राझीलची रायसा लिआल, दोघी तेव्हा १३ वर्षांच्या होत्या. आणि २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी श्रद्धा गायकवाड आपल्या पुण्याची.

शिकवणी लावायची घाई नको. पहिले काही दिवस बोर्ड गवतावर किंवा जाड सतरंजीवर ठेव, तिथे तो घरंगळत नाही. तिला नुसतं चढू-उतरू दे, गुडघे वाकवू दे. कुठलं पाऊल पुढे, ते तू ठरवू नकोस. मोज्यांवर फरशीवरून घसरताना जे पाऊल आपोआप पुढे जातं, तेच तिचं. डावं असो की उजवं, बोर्ड तोच चालतो. मग सोसायटीचं बॅडमिंटन कोर्ट. पार्किंगची फरशी गुळगुळीत असली तरी तिथे नको, गाडी मागे घेणाऱ्याला साडेतीन फुटांचं पोर दिसत नाही. उतार तर पहिल्या वर्षी नकोच.

ओवीचं आजचं वजन, उंची आणि बुटाची लांबी कळव. ट्रक मी इथे बसवून देईन. तिच्याबरोबर चालायचं काम मात्र तुझं, आणि त्या वेळात फोन घरी.

रोहितरावांना नमस्कार, दोघा पिल्लांना गोड पापा.

तुझा
अप्पामामा